हळू कर, मना बघू दे

"हळू कर, मना बघू दे."

असं म्हणून ती डावा डोळा मिटायची, फोन पार नाकापाशी आणायची आणि श्वास रोखून धरायची. सुईत दोरा ओवताना बाईचा चेहरा होतो ना, अगदी तसा. आणि मग आम्हा बाकीच्यांना दिवसभर डोळे फोडून जे दिसलेलं नसायचं, ते तिला दिसायचं.

तिचं नाव मी सांगणार नाही. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. ती मला 'बाय' म्हणायची. खारबावच्या आगरी घरातली सून. तोंडातलं हाय-न्हाय, 'मला'च्या जागी 'मना', कॉम्प्युटरची डिग्री घेऊनही गेलं नव्हतं, आणि ते जावं असं तिला कधी वाटलंही नाही.

आता तिचं काम काय होतं, ते तुम्हाला सांगते. तुम्ही फोनवर एखादं ॲप उघडता. एक पान सरकून जातं, दुसरं येतं. त्या दोन पानांच्या मधे पापणी लवेल एवढा वेळ जातो. तेवढ्या वेळात तिथे काय होतं हे तुम्ही कधी बघितलंय? नसेलच. मीही बघत नव्हते, आणि मी तर ॲप बनवून पोट भरते. कधी बटण आधी येतं आणि पान मागून. कधी जुनं पान पुरतं गेलेलं नसतं, त्याच्यावरच नवं येऊन बसतं. कधी नुसतंच काळं होतं आणि काचेत तुमचंच तोंड दिसतं. लोकांना एवढंच कळतं की काहीतरी खटकलं. काय खटकलं, ते शोधायला ताई होती.

फोनमध्ये एक सेटिंग असते, आमच्यासारख्यांसाठी ठेवलेली. ती चालू केली की ही सगळी सरकासरकी दहापट हळू होते. आम्ही ती गरजेपुरती वापरतो. ताईच्या फोनवर ती कायम चालू. तिने साधा घरी फोन लावला तरी तिच्या स्क्रीनवर पान असं उघडायचं की बघणाऱ्याचा जीव जावा. मी वैतागून म्हणायचे, अगो, तुझा फोन आहे की बैलगाडी? ती म्हणायची, "घाईत सगळंच बरोबर दिसतं, बाय."

माझा स्वभाव नेमका उलटा. माझी आई म्हणते, ही पोर जन्मालासुद्धा घाईघाईने आली. टेमघरला कापडाच्या लूमच्या खटखटाटात वाढले, तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. त्यामुळे ताईच्या शेजारची खुर्ची मला मिळाली तेव्हा पहिले काही महिने मला ती बाई सहनच होत नव्हती, देवाशपथ. नंतर तिच्याशिवाय चहा गोड लागेना.

ऑफिस म्हणजे अंजूरफाट्याच्या पुढे, गोदामांच्या रांगेत, पंक्चरवाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खालून ट्रेलर गेला की वर कपातला चहा हलायचा. साहेब मूळचे जमीनवाले. बापजाद्यांच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली, तेव्हा साहेबांना वाटलं आपण आता सॉफ्टवेअर काढावं. कोड त्यांना ओ का ठो कळत नव्हता, पण माणूस दिलदार. ॲपमधल्या कुठल्याही बिघाडाला त्यांचा एकच शब्द होता, 'झटका'. "ताई, झटका बसतोय बघा," असं म्हणून तिच्या हातात फोन देऊन मोकळे व्हायचे.

आमचं मुख्य ॲप गोदामाच्या गेटवर चालायचं. ट्रक आला की वॉचमन गाडीचा नंबर टाकतो, स्क्रीनवर ड्रायव्हरचा फोटो आणि नाव येतं, चेहरा जुळला की गेट उघडतो. ड्रायव्हर पहिल्यांदा आला असेल तर वॉचमनच त्याचा फोटो काढून ठेवतो. बस, एवढंच ॲप. पण त्यासाठी ताई जी भांडायची!

एकदा लांबलचक नावं चौकटीत मावेनात. मी सरळ शेवटी तीन टिंबं टाकून नाव कापलं. सगळं जग तसंच करतं. ताईने डावा डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, माणसाचं नाव अर्धं छापायचं न्हाय. मी म्हटलं जागा नाही. ती म्हणाली जागा कर. मग दोन ओळींचं नाव मावावं म्हणून आख्ख्या पानाची मांडणी मी पुन्हा केली, तोंडाने तिच्या नावाने खडे फोडत.

एकदा खारबाव रस्त्यावरच्या एका गेटवरून तक्रार आली की 'गेट उघडा'चं बटणच गायब आहे. तिथे म्हातारे वॉचमन होते, जौनपूरकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. साहेब म्हणाले, म्हाताऱ्याला फोन वापरता येत नसणार. ताई रिक्षाने गेटवर गेली आणि चाचांच्या स्टुलाशेजारी बसून राहिली. चाचांना दिसायचं कमी, म्हणून त्यांनी फोनची अक्षरं मोठी करून ठेवलेली. फोनही जुना, बारक्या स्क्रीनचा. मोठ्या अक्षरांनी बटणाला ढकलत ढकलत स्क्रीनच्या बाहेर काढलं होतं. ताईने बारक्या स्क्रीनसाठीची मांडणी सरळ केली. तेव्हापासून चाचा तिला बिटिया म्हणायचे आणि दर ईदला तिच्यासाठी शेवयांचा डबा ठेवायचे.

हे बारक्या स्क्रीनचं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ताईचा एकही फोटो डोळे उघडे असलेला नव्हता. ऑफिसची सहल वज्रेश्वरीला गेली होती, तिथे मी इरेला पेटून तिचे फोटो काढले. प्रत्येकात ही डोळे मिटून, ध्यानाला बसल्यासारखी. शेवटी कंटाळून त्यातलाच एक माझ्या फोनमध्ये तिच्या नंबराला लावून ठेवला. ती हसून म्हणाली, आमचा माणूस याच्या उलट. त्याचा फोटो काढा, पापणी हलवायचा न्हाय. लग्नाच्या आल्बममध्ये सगळीकडे तो बघत उभा हाय आणि मी शेजारी झोपले हाय.

'हलवायचा' म्हणाली ती. तेव्हा तो माणूस नाहीसा होऊन बराच काळ झाला होता.

तो गोदामांवर टेम्पो चालवायचा. एका दुपारी ड्युटीवर म्हणून निघाला. संध्याकाळी टेम्पो खाडीपुलावर मिळाला. किल्ली तशीच लावलेली. डबा खाऊन, धुऊन, सीटवर पालथा वाळत घातलेला. हे डब्याचं मला फार लागलं होतं. जो माणूस जीव देणार तो डबा धुईल का, असं ताई एकदाच म्हणाली, आणि नंतर त्यावर कधी बोलली नाही. पोलीस आले, कोळ्यांनी खाडीत होड्या घातल्या. काही मिळालं नाही. ताई कुंकू लावत राहिली, मंगळसूत्र घालत राहिली, आणि रोज खारबावहून गाडीने येऊन दुसऱ्यांच्या स्क्रीन बघत राहिली.

मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं. घरात कार्य, आणि थोरला ना जिवंतात ना मेलेल्यात. भावकीतली मोठी माणसं बसली आणि त्यांनी ठरवलं की आधी थोरल्याचं करून टाकू. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. गुरुजींनी दिवस काढून दिला. त्या दिवशी ताईचं कुंकू पुसलं जाणार होतं.

ती मला जिन्यात म्हणाली, "पानांचा माणूस जाळला, आणि नंतर हा दारात येऊन उभा राहिला तर त्याला काय सांगू, बाय?"

 

त्याच आठवड्यात चाचांचा फोन आला. ताई जागेवर नव्हती, मी उचलला. चाचा हळू आवाजात म्हणाले, "मैडम, बीच में एक आदमी आता है."

मी विचारलं, कुठे मधे? तर म्हणाले, नंबर टाकला की ड्रायव्हरचा फोटो यायच्या आधी दुसराच एक माणूस येतो आणि जातो. ट्रक कुठलाही असो, ड्रायव्हर कुठलाही असो, तोच. "हमको देखता है," असंही म्हणाले.

मला हसू आलं. हे आमच्या धंद्यातलं जुनंच दुखणं. फोन मागचा फोटो धरून ठेवतो आणि नवा येईपर्यंत तोच दाखवतो. मी चाचांना म्हटलं भूतबीत काही नाही, फोन पाठवून द्या. पण रात्रपाळीच्या वॉचमनने तो फोन हातात घ्यायलाच नकार दिला होता आणि गोदामवाला साहेबांच्या मागे लागला होता, हे मला नंतर कळलं.

फोन आला. जेवणाची वेळ होती, खाली रस्ता जरा शांत होता. मी एका ट्रकचा नंबर टाकला. खरंच काहीतरी चमकून गेलं. स्क्रीनशॉट घ्यायला गेले तर त्यात नुसती करडी चौकट. पुन्हा घेतला, पुन्हा करडी. ताई डबा उघडत होती. तिने हात पुसले आणि म्हणाली, "हळू कर, मना बघू दे."

मी सेटिंग लावली. जुनं पान सावकाश डावीकडे सरकायला लागलं. नवं पान आलं, चौकट आली, आणि चौकटीत धुक्यातून यावा तसा एक चेहरा वर आला. चौकड्यांचा शर्ट. मागे निळा दरवाजा. डोळे मिटलेले. मग तो विरला आणि त्याच्या जागी कुणा सरदारजी ड्रायव्हरचा फोटो येऊन बसला.

ताईने फोन टेबलावर पालथा ठेवला. पाणी प्यायली. मग तिने पुन्हा नंबर टाकला, पुन्हा बघितलं, डावा डोळा मिटून. आणि म्हणाली, "आमचा माणूस हाय."

 मी तिचा हात धरला तर तो गरम होता, तापासारखा. मला वाटलं ही आता रडेल. तर ताईच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता असा उजेड. ती म्हणाली, असा फोटो माझ्याकडे न्हाय. मिटल्या डोळ्यांचा त्याचा एकही फोटो कुणाकडेच न्हाय. म्हणजे हा नंतर काढलेला हाय. गेटवर काढलेला हाय. तो गेटवर आला होता, बाय.

तुम्हीच सांगा, यात चूक काय होती? गेटवर पहिल्यांदा आलेल्या ड्रायव्हरचा फोटो वॉचमन काढतो, फोन मागचा फोटो धरून ठेवतो. आमच्या धंद्याच्या हिशेबाने अगदी सरळ गणित. मलाही पटलं.

तिने लगेच सासूला फोन लावला. सासू वाईट बाई नव्हती, पोराच्या वाटेकडे बघून थकलेली होती. तिचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. ती म्हणाली, "तू मना दाखव तो हाय म्हणून. मी कुणाला पानाला हात लावू देणार न्हाय." पण दिवस बदलता येणार नव्हता. तोवर ताईने शोधायचं होतं.

ती शोधायला लागली. सगळ्या गेटांवरून आलेले सगळ्या ड्रायव्हरांचे फोटो तिने एकेक करून बघितले. दाढीवाले, टोपीवाले, अर्धे झोपेत असलेले, सुपारी चघळणारे. दुपारभर ती गेट पालथी घालायची, वॉचमन लोकांना विचारायची. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, बिटिया, गेटवर हा माणूस मी कधीच पाहिला नाही, फोनमध्येच पाहतो. साहेबांवर गोदामवाल्याचा तगादा होता. तरी ते एकदाच ताईच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मला म्हणाले, हिच्यासाठी चहा सांग.

आणि मधल्या वेळात ती तो फोन घेऊन बसायची. नंबर टाकायची, बघायची. नंबर टाकायची, बघायची. शेजारी बसून मला ते सोसेना. भर दुपारी, पंखा गरगरतोय, खाली टायरवर हातोडा पडतोय, आणि इथे टेबलावर एक माणूस पुन्हा पुन्हा वर येतोय, डोळे मिटून, आणि पुन्हा पुन्हा जातोय. मी खुर्ची जरा लांब सरकवली. नंतर लाज वाटून पुन्हा जवळ आणली.

दिवस जवळ आला, फोटो मिळत नव्हता. ड्रायव्हरांमध्ये नव्हता, सर्व्हरवर नव्हता. मग माझ्या घाईच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. हा माणूस चाचांच्याच फोनवर का येतो? दुसऱ्या कुठल्याच फोनवर का नाही? चाचांच्या फोनमध्ये वेगळं काय आहे?

स्क्रीन बारकी आहे.

बारक्या स्क्रीनची मांडणी आमच्याकडे वेगळी ठेवलेली असते. बटणाच्या भानगडीनंतर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी ती उघडली. खरा फोटो येईपर्यंत चौकट रिकामी दिसू नये म्हणून तिथे एक डमी फोटो घालतात. मोठ्या स्क्रीनच्या मांडणीत आम्ही तिथे माणसाची करडी आकृती टाकली होती. बारक्या स्क्रीनमध्ये टाकायची राहून गेली होती. तिथे ॲपच्या अगदी पहिल्या दिवसांतला डमी तसाच होता. परवाच्या अपडेटमध्ये आम्ही पानं सरकवण्याची तऱ्हा बदलली, आणि तो वर आला.

आमच्याकडे सगळेच असं करतात. ॲप नवं असतं, फोटो हवा असतो, आपण घरातल्याच कुणाचातरी टाकतो. माझ्या एका जुन्या ॲपमध्ये अजून माझा मामा आहे. ताईने तिचा नवरा टाकला होता. तेव्हा तो रोज घरी जेवायला यायचा.

चौकड्यांचा शर्ट. मागे तोच निळा दरवाजा, गेटचा नव्हे, त्यांच्या घराचा; मिटलेल्या डोळ्यांपुढे ताईचं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. कॉलरचं एक टोक वर वळलेलं. तोच फोटो.

फक्त डोळे उघडे होते.

 मग म्हटलं, हे सांगणं माझ्याच कपाळी आलंय तर आले देवाजीच्या मना. ताईला हाक मारली आणि कॉम्प्युटरवर तो फोटो दाखवला. सगळं सांगितलं. फोटो तुझाच आहे, गेटवरचा नाही, तूच टाकला होतास. मला वाटलं होतं ती माझ्यावर चिडेल, बरं झालं असतं चिडली असती तर.

 तिने चाचांचा फोन उचलला, कॉम्प्युटरच्या फोटोशेजारी धरला, नंबर टाकला. आम्ही दोघी वाकून बघत होतो. धुक्यातून तोच शर्ट वर आला, तोच दरवाजा, कॉलरचं तेच वळलेलं टोक. आणि मी पहिल्यांदाच नीट, ताईसारखी एक डोळा मिटून बघितलं म्हणून मला दिसलं, की चेहरा वर येताना डोळे उघडे असतात. पुरता वर येईपर्यंत ते हळूहळू मिटतात. घाईत बघणाऱ्याला उघडेच दिसणार. चाचा 'हमको देखता है' म्हणाले होते, ते त्यामुळेच.

फोटो आहे तो. फोटोतले डोळे मिटत नाहीत. मी तेवढ्यात शंभर कारणं शोधली, फोन जुना आहे, रंग नीट उमटत नसतील, वगैरे. त्यातलं एकही मला स्वतःला पटलं नाही. अजूनही पटत नाही.

ताईने फोन खाली ठेवला. "फोटो माझाच हाय, बाय. डोळे त्यानं मिटले."

मग तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. इतक्या काळात पहिल्यांदा. आवाज न करता रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. साहेब दारात आले, आम्हाला बघितलं आणि दार ओढून घेऊन खाली पंक्चरवाल्याकडे जाऊन बसले.

तिने सासूला सांगितलं, ठरल्या दिवशी होऊ द्या.  "बरं, पोरी," सासू म्हणाली.

मी म्हटलं, तो डमी आता काढते. ताई म्हणाली, आता न्हाय. मी सांगेन तवा.

तिचं म्हणणं असं होतं. अग्नी द्यायच्या सकाळी ती खाडीकाठी असणार. मी चाचांच्या गेटवर जायचं, फोन हातात घेऊन, अपडेट तयार ठेवून. ती सांगेल तेव्हाच बारक्या स्क्रीनमधला फोटो काढायचा. आधी न्हाय, नंतर न्हाय. मला हे वेडेपण वाटलं का? नाही वाटलं. तोवर मीही त्या डोळ्यांकडे बघितलेलं होतं.

बायकांनी तिथे जायची रीत नव्हती. ती गेली. फोन चालू ठेवून पदरात धरला होता. इकडे चाचांच्या केबिनमध्ये मी कानाला फोन लावून बसले. सकाळचं ऊन होतं, ट्रक लागायला सुरुवात झाली होती, चाचांनी गेट थोडा वेळ बंदच ठेवलं आणि ड्रायव्हरांना हाताने थांबवलं. कुणी हॉर्न दिला नाही. का दिला नाही कुणास ठाऊक, आमच्या फाट्यावर सिग्नलला कुत्रं थांबलं तरी हॉर्न देतात.

फोनमधून मंत्र ऐकू येत होते. गुरुजी भराभर म्हणत होते. मागे कुणीतरी मंडपवाल्याशी बोलत होतं, लग्नाच्या. भावकीतला एकजण म्हणाला, आटपा, ऊन चढतंय. काहीतरी सळसळलं, पानं असतील. आणि मग अगदी जवळून ताईचा आवाज आला. गुरुजींना म्हणत होती.

"हळू करा. मना बघू द्या."

सगळं थांबलं. मंत्र, बोलणं, सगळं. नुसता खाडीवरचा वारा ऐकू येत होता. मी डोळ्यांपुढे आणलं, ताई वाकली असेल, डावा डोळा मिटला असेल, श्वास धरला असेल. पळसाच्या पानांचा तो माणूस आणि नारळाचं डोकं. काय बघितलं तिने ते मी कधी विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "काढ, बाय."

मी बटण दाबलं. अपडेट गेलं. तिकडे पानं पेटल्याचा आवाज आला, सुकी पानं पेटतात तसा, आणि फोन बंद झाला. मी चाचांच्या फोनवर एक नंबर टाकला. सेटिंग हळूवरच होती. जुनं पान गेलं, नवं आलं, चौकटीत करडी आकृती आली आणि तिच्या जागी ड्रायव्हर येऊन बसला. मधे कुणी नाही. चाचांनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि गेट उघडलं.

पुढे ताई कामावर आली, कपाळ मोकळं घेऊन. काम पहिल्यासारखंच करायची. पण दिराचं लग्न झाल्यावर त्या घरात तिचं मन लागेना. नोकरी सोडून ती माहेरी गेली, गणेशपुरीच्या अलीकडे. सुरुवातीला फोन यायचे. भात लावला, भात कापला, तुझं काय चाललंय. मग कमी झाले. मग तिचा नंबर बंद लागायला लागला.

आपल्याकडे लोकांच्या जिभेला काही हाड नाही. कुणी म्हणालं ती गणेशपुरीच्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात दिसली. कुणी खाडीपुलाचं नाव घेतलं. त्याच्याशी मी असं भांडले की साहेबांना मधे पडावं लागलं. पण रात्रभर माझ्याही डोळ्यापुढून तो पूल हलेना. शेवटी एसटी धरून तिच्या माहेरी गेले. भाऊ खळ्यात होता. म्हणाला, गेली कामासाठी कुठे, येते म्हणाली होती, अजून आली न्हाय. त्याने मला पाणी दिलं आणि रस्त्यापर्यंत सोडायला आला. त्यालाही माझ्याकडूनच काहीतरी ऐकायचं होतं, असं मला वाटलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. तिचा नंबर पुन्हा लावावा म्हणून फोन काढला. बंदच लागणार होता, माहीत होतं. तिचं नाव उघडलं. वज्रेश्वरीचा फोटो आला, नेहमीसारखा, डोळे मिटलेली.

मी फोन खाली ठेवला.  मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या स्वतःच्या फोनवर मी ती सेटिंग लावली. गाडीला गचके बसत होते, शेजारची बाई भाजीची पिशवी सांभाळत होती. मी डावा डोळा मिटला. तिचं नाव उघडलं.

पान सावकाश सरकलं. चौकट आली. धुक्यातून ताईचा चेहरा वर आला, मिटलेल्या डोळ्यांचा. पुरता वर आला, आणि ताईने डोळे उघडले.

ती माझ्याकडे बघत होती. मी गाडीत सगळ्यांदेखत हुंदका दिला, तशी शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का गं? मी मान हलवली. म्हटलं, नाही हो. आहे. कुठेतरी आहे.

ती सेटिंग मी अजून काढलेली नाही. घरचे ओरडतात माझ्या फोनवर. ओरडू देत.